निळा येईपर्यंत

३ मार्च, सोमवार

आज दवाखान्यात एक खोकं आलं, माझ्या कमरेएवढं. सही मी केली, कारण टपाल घेणं, फोन उचलणं, पेशंटना आत सोडणं आणि टाकी सांभाळणं ही माझी कामं. पण आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षांत मला न विचारता या दवाखान्यात साधा कापसाचा बोळाही आलेला नाही.

छोटी हातमोजे काढत बाहेर आली. "आलं का? मावशी, टाकीसाठी मागवलंय. कॅल्शियम रिॲक्टर. आता तुमचा रोजचा त्रास वाचेल."

छोटी म्हणजे डॉक्टर. मोठ्या डॉक्टरांची मुलगी. शाळेतून आली की दप्तर माझ्या टेबलाखाली भिरकावायची. आता दातांचा सगळा दवाखाना तीच बघते. पेशंटसमोर मी तिला डॉक्टर म्हणते, पण या वहीत ती छोटीच.

त्रास? मी कधी त्रास म्हटलं होतं?

बसायच्या खोलीत खाऱ्या पाण्याची सहाशे लिटरची टाकी आहे. आत जिवंत प्रवाळ. दात उपटायला आलेला माणूस त्यांच्याकडे बघत बसला की गप्प होतो, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी ती एकोणीस वर्षांपूर्वी बसवली. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम ओढून आपला सांगाडा बांधतात, त्यामुळे पाण्यातलं कॅल्शियम रोज भरून काढावं लागतं. रोज सकाळी मी एका बाटलीतून मापाने ओतते, अर्ध्या तासाने दुसरीतून. आठवड्यातून दोनदा तपासणी. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषध टाकलं की ते गुलाबी होतं. मग दुसरं औषध थेंब थेंब, निळं होईपर्यंत. एका थेंबाला वीस. बावीस थेंब लागले तर चारशे चाळीस. तो आकडा नोंदवहीत. एकोणीस वर्षांच्या अकरा नोंदवह्या माझ्या कपाटात आहेत, एक दिवस सुटलेला नाही. प्रवाळाची मोठी फांदी अंगठ्याएवढी आणली होती, आता हात धुवायच्या बेसिनएवढी पसरली आहे. ती काय आपोआप वाढली?

गेले दोन-तीन महिने तिची टोकं पांढरी पडतायत, हे मलाही दिसतं. खाण्याची नवी डबी निकस आहे, हे मी तीनदा सांगितलं. पण ऐकतंय कोण? यंत्र आणलं की झालं.

खोकं मी पाय लावून टेबलाखाली ढकललं. फार जड आहे. अंगठा दुखतोय.

५ मार्च, बुधवार

यंत्र बसवायला माणूस आला. तोंडात मोजके शब्द, हातात पाना. मी त्याला बुडबुडेवाला म्हणणार आहे, कारण त्याचं सगळं काम बुडबुडे मोजण्याचं. काचेसारखं एक उभं नळकांडं आहे. त्यात मेलेल्या प्रवाळाची खडी भरायची. सिलेंडरमधला गॅस बुडबुड्यांनी त्यात सोडायचा, मग पाणी आंबट होतं आणि खडी हळूहळू विरघळते. ते पाणी थेंबाथेंबाने टाकीत. म्हणजे माझ्या दोन बाटल्या गेल्या.

त्याने काही जोडायच्या आधी पाणी तपासलं. म्हणाला, "तीनशे चाळीस."

मी म्हणाले, "चारशे चाळीस. कालच तपासलंय."

"तीनशे चाळीस, मॅडम. सतरा थेंब."

"तुमचं औषध जुनं असेल."

त्याने माझीच बाटली घेतली, माझीच नळी घेतली आणि सतराव्या थेंबाला थांबून नळी माझ्यासमोर धरली. "झालं की निळं."

निळं? मातकट, मळकट काहीतरी. मी त्याला सांगितलं, तुम्ही घाई करता. अजून पाच थेंब टाका म्हणजे खरा निळा दिसेल. मी नेहमी तेवढी वाट बघते. समोर तीन पेशंट बसलेले. एक म्हातारबाबा दाढ दुखत असूनही हसले. बुडबुडेवाल्याने छोटीकडे बघितलं. छोटीने मान खाली घातली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

नाचता येईना अंगण वाकडं. बरं, औषधाच्या कंपनीनेही हल्ली रंग पातळ केलाय, हे खरंच. पूर्वी कसा लख्ख निळा यायचा!

८ मार्च, शनिवार

अक्काशी भांडण. अक्का माझी थोरली बहीण, आम्ही दोघी एकत्र राहतो. ती अजून शिवणकाम करते, पण सुईत दोरा ओवायला तिला मी लागते. मला चष्मा लागत नाही. लागायचा, पण गेल्या वर्षी आपोआप सुटला. बारीक अक्षरसुद्धा हातावर धरून वाचते. अक्काच सगळ्यांना कौतुकाने सांगते, "हिचे डोळे बघा, उतारवयात तरणे झाले."

आज तिने गडद निळा दोरा मागितला, मी ओवून दिला. तिने अख्खी बाही शिवली आणि मग उजेडात धरून किंचाळली. म्हणे, दोरा काळा आहे. मी म्हटलं, मग डबीत काळे आणि निळे एकत्र कशाला ठेवतेस? ती म्हणाली, कुठे एकत्र? वेगळेच आहेत. वर माझ्या पायांकडे बोट. "आणि मोजे बघ तुझे. एक काळा, एक निळा. अशीच गेलीस दवाखान्यात?"

घरातले दिवे अक्काने कमी वॅटचे लावलेत. वीज वाचवायची, आणि मग अंधारात चूक झाली की माझ्या नावाने ओरडायचं.

१२ मार्च, बुधवार

यंत्र चालू झालं. मिनिटाला वीस बुडबुडे, चाळीस थेंब. बुडबुडेवाल्याने मला गुडघ्यावर बसवून शिकवलं. टाकीखालच्या कपाटात नळकांडं, त्याला चिकटून बोटाएवढी पारदर्शक कुपी, तिच्यातून गॅसचे बुडबुडे वर जातात ते घड्याळ लावून मोजायचे. कपाटात त्याने पांढऱ्या दिव्यांची पट्टी चिकटवलीय, दिसावं म्हणून. त्या पट्टीने सगळं धुरकटतंच. मी म्हणाले, "दिवा काढा." तो म्हणाला, "दिव्याशिवाय कसं दिसेल, मॅडम?"

गॅसची चावी इवलीशी आहे. "हिला हात लावू नका. केसाएवढी फिरली तरी फरक पडतो. गॅस जास्त झाला तर आपोआप बंद करणारा खटका पुढच्या आठवड्यात येईल. तोवर फक्त मोजा आणि लिहा. काही वाटलं तर फोन करा."

हात लावू नका. एकोणीस वर्षं ज्या टाकीत माझे हात कोपरापर्यंत असायचे तिला.

एक मात्र मान्य. मोटर चालू असते तेव्हा नळकांड्याचा आवाज चांगला येतो, झोपलेल्या मांजरासारखा. हे मी कुणाला सांगणार नाही.

आणखी एक डाचतं. छोटी दाताची कॅप करते तेव्हा रंग जुळवावा लागतो. छटांची पट्टी असते, ती पेशंटच्या दातांशेजारी धरायची. तेव्हा ती मला हाक मारायची, "मावशी, तुमची नजर द्या जरा." मोठ्या डॉक्टरांपासूनची पद्धत. गेल्या सहा महिन्यांत एकदाही हाक मारली नाही. आज खिडकीपाशी पेशंटला उभं करून एकटीच बघत होती. मी दारात उभी होते. तिने बघितलं आणि पट्टी खिशात घातली.

मला घालवायचं आहे, तर तोंडावर सांगावं. असं एकेक काम हातातून काढून घेण्यात कसला मोठेपणा!

१७ मार्च, सोमवार

सकाळी चुकीच्या बसमध्ये बसले. बसवरच्या नंबरांचे दिवे इतके मिणमिणते झालेत की काही विचारू नका. दवाखान्यात पोचायला पंचवीस मिनिटं उशीर. छोटी म्हणाली, "काही हरकत नाही." मला तिचं 'काही हरकत नाही' ऐकून हल्ली कानशिलं तापतात. आधी कशी चिडायची! भांडायची! आता माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तशी बोलते.

नंतर मी खोलीच्या टोकाला बसलेल्या बाईंना हाक मारली, "या, चला आत." त्या उठल्या, तर दुसऱ्याच निघाल्या. ज्यांची पाळी होती त्यांनी केस कापलेत. न कळवता केस कापायचे आणि वर आमच्याकडून ओळख ठेवायची अपेक्षा.

बुडबुडे : वीस. (दोनदा मोजले. एकदा चौदा आले होते.)

कॅल्शियम : चारशे साठ.

२२ मार्च, शनिवार

हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी काही म्हणालं तर माझ्याकडे पुरावा असेल.

सकाळी कपाट उघडलं. बुडबुडे नाहीत. पाच मिनिटं बसले, गुडघे मोडून आले. समोरच्या खिडकीतून ऊन, आतून ती पट्टी, आणि मध्ये कुपी नुसती पांढरी. एकही बुडबुडा नाही. बुडबुडेवाल्याला फोन केला, उचलला नाही. परत केला, नाही उचलला. छोटी साडेअकरालाच कुठल्याशा सभेला गेली. उद्या रविवार, दवाखाना बंद. गॅस नाही म्हणजे दोन दिवस कॅल्शियम नाही. फांदीची टोकं आधीच पांढरी. माझ्या बाटल्या तर त्यांनी कपाटातून उचलून कुठे ठेवल्यात देव जाणे.

मग मी काय नुसतं बघत बसायचं होतं?

चावी अर्धा फेरा फिरवली. काही दिसलं नाही. परत अर्धा. तरीही नाही. परत थोडी. मग कुपीत काहीतरी सळसळल्यासारखं झालं, तेव्हा थांबले. बुडबुडे आले असावेत.

बाकी कुणी नसतं तेव्हा टाकी मीच सांभाळते. शेवटी मीच.

२४ मार्च, सोमवार

आज अक्षर वाईट येईल.

दार उघडलं तेव्हाच वास वेगळा आला. मासे सगळे वर, पाण्याच्या कडेला तोंड काढून. जांभळा मासा, दवाखान्यात सगळे त्याला आजोबा म्हणतात, तो खाली वाळूत आडवा. मेलेला. प्रवाळ मिटलेले. मोठ्या फांदीची कातडी एका बाजूने सोललीय, पाण्यात धागे लोंबतायत.

मी ओरडले. छोटी धावत आली, अंगात कोट अर्धाच. तिने खिडक्या उघडल्या, बुडबुडेवाल्याला फोन केला, तो पंधरा मिनिटांत आला. आधी गॅस बंद. मग हवेचे दोन पंप पाण्यात सोडले, बादल्यांनी पाणी बदललं. खोलीत पेशंट उभे, खुर्च्या ओल्या.

आणि मी त्याच्यावर तुटून पडले. "सांगितलं होतं मी! यंत्रावर भरवसा ठेवू नका! एकोणीस वर्षांत एक मासा मेला नाही माझ्या हातून. तुम्ही आलात आणि बारा दिवसांत मारून टाकलंत सगळं!" दवाखाना दणाणून गेला. माझा आवाज मलाच ऐकू येत होता आणि मला तो आवडत होता, हेही लिहिते.

त्याने पाना खाली ठेवला. गुडघ्यावर बसून चावी बघितली. "ही सव्वा फेरा उघडी आहे," तो म्हणाला. "कुणी हात लावला?"

छोटीने हातातली बादली खाली ठेवली.

"मॅडम, तुम्ही?"

"मी हात लावला नाही," मी म्हणाले.

असं म्हणाले मी. सव्वीस वर्षांत या दवाखान्यात मी खोटं बोललेले नाही. पेशंटला 'दुखणार नाही' असंसुद्धा कधी म्हटलं नाही.

तेवढ्यात छोटी म्हणाली, "मीच लावला. शनिवारी पुसताना. लक्षात आलं नाही."

शनिवारी ती साडेअकराला गेली होती. पुसणं कधी तिचं कामच नव्हतं. बुडबुडेवाला तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग पाना उचलून कामाला लागला.

तिला माहीत आहे. तिला माहीत आहे आणि तिने माझ्यावर पांघरूण घातलं, पेशंटसमोर, जसं लहान पोराने अंथरूण ओलं केलं की घालतात. तिने माझ्या कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

२५ मार्च, मंगळवार

गेले नाही. पोटात दुखतंय असं कळवलं. दुसरं खोटं.

अक्काने विचारलं, मी तिच्यावर खेकसले. तिने ताट वाढून ठेवलं आणि गप्प बाहेर जाऊन बसली. मला कुणी गप्प राहिलेलं आता सोसवत नाही.

माझाच राग येतोय, पण तो फार वेळ धरवत नाही. निसटून परत त्या यंत्रावर जातो.

२७ मार्च, गुरुवार

आज मोठ्या डॉक्टरांनी मला पकडलं.

ते वरच्या मजल्यावर राहतात, दुपारी एक ते चार दवाखाना बंद असतो तेव्हा छोटी त्यांना खाली आणते. ते टाकीसमोर बसतात. हात मांडीवर, सतत कापत. पाच वर्षं झाली त्यांना काम सोडून. छोटी जेवायला वर गेली होती. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं. चावी मी फिरवली. मासा मी मारला. खोटं बोलले.

ते म्हणाले, "का फिरवलीत?"

"बुडबुडे नव्हते."

"कपाट उघडा." उघडलं. खटका आता बसलाय, यंत्र परत चालू आहे. "आता आहेत?"

मी वाकून बघितलं. "नाहीत. बघा, आजही नाहीत! मी म्हणत होते..."

"बाई," ते म्हणाले, "मी इथून बसल्या जागी मोजतोय. चार, पाच, सहा."

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांचं वय सत्याहत्तर. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, बिनचष्म्याची पेपर वाचते. ते म्हणाले, "एक डोळा झाका आणि टाकीकडे बघा." मी उजवा झाकला. बघवेना. टाकी म्हणजे कोऱ्या चहाचं पातेलं. मासे आहेत की सावल्या, कळेना. डावा झाकला, जरा बरं, तरी तपकिरीच. मी म्हटलं, काच घाण झालीय.

"काच काल पुसलीत तुम्ही."

मी उठले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. म्हणाले की तुम्ही बापलेक मिळून मला काढायला निघालायत, तर सरळ काढा, आंधळी ठरवून काढू नका. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर टक टक वाजत होता.

"माझ्याही हाताला काही झालेलं नव्हतं," ते म्हणाले. "सहा महिने पेशंटला भूल देताना सुई हलायची. नर्स बघायची, मुलगी बघायची, कुणी बोललं नाही. एक दिवस तुम्ही दार लावून आत आलात आणि म्हणालात, डॉक्टर, आजपासून सुई धरू नका. आठवतं?"

आठवतं. दारामागे उभी राहून मी आधी दोन मिनिटं रडले होते. हे त्यांना ठाऊक नाही.

"मला सांगायला तुम्ही होतात. तुम्हाला कोण सांगणार? त्यांची हिंमत नाही. म्हणून मी सांगतोय. डोळे दाखवा. उद्याच."

मी दार आपटून बाहेर पडले. रस्त्यावर उभी राहून एकेक डोळा झाकून बघितलं. समोरच्या दुकानाची पाटी डाव्या डोळ्याला नव्हतीच.

३१ मार्च, सोमवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डावा पिकलेला, उजवा अर्धवट. डोळ्यांच्या डॉक्टरीण तरुण आणि फटकळ. त्या म्हणाल्या, "चष्मा सुटला म्हणून खूश होतात लोक. ती मोतीबिंदूचीच खेळी असते. जवळचं दिसायला लागतं आणि बाकी सगळं जातं. डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. निळा रंग आधी बुडतो." मग त्यांनी विचारलं, "निळ्याचा काही संबंध येतो का तुमच्या कामात?"

मला ती काचेची नळी आठवली. बावीस थेंब. चारशे चाळीस. महिनोन्‌महिने मी सतराव्या थेंबाला झालेला निळा बघू शकले नाही आणि पुढचे पाच टाकत राहिले. आकडा जास्त दिसला म्हणून बाटलीतून कमी ओतलं. फांदी उपाशी ठेवली मी. खाण्याची डबी, कंपनी, दिवे, बस, अक्का... कुणाकुणाला शिव्या दिल्या, त्याची यादी करायला ही वही पुरायची नाही.

अक्का रडायला लागली. तिला म्हटलं, तू कशाला रडतेस? ती म्हणाली, "तरणे डोळे म्हणून मीच गावभर सांगत फिरले."

१० एप्रिल, गुरुवार

डावा डोळा झाला. पट्टी आहे. अक्का थेंब घालते आणि घड्याळ लावते. एका डोळ्याने लिहितेय, ओळी वाकड्या.

१२ एप्रिल, शनिवार

पट्टी काढली.

स्वयंपाकघराच्या फरशा पांढऱ्या आहेत. मला वाटत होतं त्या पिवळसर आहेत, गेली दोन वर्षं मी त्या घासून घासून हात सोलले. अक्काच्या डोक्यावरचे केस जवळजवळ सगळे पांढरे. आणि आरशात एक बाई. तिच्याबद्दल आज काही लिहीत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

परत कामावर. दारातच थांबले. टाकीतला निळा अंगावर आला. एवढा निळा कुणी कधी पाहिला असेल असं वाटलं नाही. त्या निळ्यात फांदीची अर्धी बाजू हाडासारखी पांढरी. मेलेली. दुसरी अर्धी तपकिरी, टोकांना जांभळट. ती वाचलीय.

बुडबुडेवाला खटका तपासायला आला होता. खोलीत पाच पेशंट. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या दिवशी चावी मी फिरवली होती. तुमच्यावर ओरडले, ते चुकलं. खोटंही बोलले."

तो म्हणाला, "माहीत होतं, मॅडम."

"कधीपासून?"

"डोळ्यांचं तर पहिल्याच दिवशी. तुम्ही सतराव्या थेंबाला अजून पाच टाका म्हणालात ना, तेव्हा. माझ्या आईचं असंच होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने छोटीच्या बंद दाराकडे बघितलं आणि पाना पिशवीत टाकला. म्हणजे याला गप्प बसायला सांगितलेलं होतं! माफी मागायला गेले आणि परत डोकं तापवून आले.

नळी घेऊन स्वतः तपासलं. एकोणीस थेंब. तीनशे ऐंशी. एकोणिसाव्याला निळा असा चटकन आला की हातातली बाटली तशीच राहिली. नोंदवहीत लिहिलं. मागची पानं खोडली नाहीत. खोटे आकडेही माझेच आहेत.

२२ एप्रिल, मंगळवार

आज दुपारी एकच्या सुट्टीत छोटीच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ती उभ्या उभ्या फळ खात होती. मी तिला पहिल्यांदा नीट बघितलं, नव्या डोळ्याने. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आलाय. मनगटाला पट्टा.

मी विचारलं, "किती दिवसांपासून ठाऊक होतं तुला?"

ती सारवासारव करणार होती, मग केली नाही. "त्या शिक्षकांची कॅप. तुम्ही सांगितलेली छटा दोन घरं पिवळी होती. मी परत करून घेतली. सहा महिने होऊन गेले."

"सहा महिने. आणि तू यंत्र आणलंस."

"तुम्हाला तपासावं लागू नये म्हणून. तुमचा मान राहावा म्हणून, मावशी."

"मान!" माझा आवाज वर गेला. "मी चुकीच्या बसमध्ये चढत होते. रस्ते ओलांडत होते. सहा महिन्यांत एखाद्या गाडीखाली आले असते तर माझा मान तू कुठे ठेवला असतास? त्या टाकीत? ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि वर मी किती चांगली! सगळ्यांनी मिळून मला सांभाळलंत. मला सांभाळायला नको होतं. तोंडावर सांगायला हवं होतं!"

तिने फळ खाली ठेवलं. "तुम्ही बाबांना सांगितलंत तेव्हा मी दाराबाहेर होते," ती म्हणाली. "ते तीन दिवस जेवले नाहीत. खोलीतून बाहेर आले नाहीत. मला ते परत कुणाचं करायचं नव्हतं. तुमचं तर नाहीच."

मला हे माहीत नव्हतं. तीन दिवस! मी खुर्ची ओढून बसले. मग विचारलं, "चौथ्या दिवशी?"

"काय?"

"चौथ्या दिवशी काय झालं?"

"जेवले," ती म्हणाली. "खाली येऊन टाकीसमोर बसले."

"झालं तर मग."

ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. राग अजून होता आणि तो खोटा नव्हता. शिवाय मला दुसरंच दिसत होतं. डोळे पुसताना तिने पट्ट्याचा हात वापरला नाही, दुसरा वापरला. पेला उचलायलाही दुसराच.

"मनगट कधीपासून?"

"काही नाही, थोडं..."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

मी बाहेर आले. टेबलावरची भेटींची वही उघडली आणि महिनाभराच्या संध्याकाळी सहाच्या पुढच्या सगळ्या भेटी लाल पेनाने काटल्या. मग एकेकाला फोन लावायला घेतला. तिसऱ्या फोनला छोटी धावत बाहेर आली. लालभडक झालेली.

"मावशी! हे काय चाललंय? कुणी सांगितलं तुम्हाला हे? हा माझा दवाखाना आहे!"

किती दिवसांनी ती माझ्यावर अशी ओरडली!

"उद्या सकाळी दहाला हाडांच्या डॉक्टरांकडे तुझं नाव लावलंय," मी म्हणाले. "राग आला? येऊ दे. हवं तर तीन दिवस जेवू नकोस."

आणि चौथा फोन लावला.